कर्जखतापासून जमाखर्चापर्यंत : डॉ. पंजाबराव देशमुख

शिक्षणसंस्थांचे जाळे विणणारे कर्मवीर म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख विदर्भात घरोघरी परिचित आहेत. शेतकरी कर्जात का बुडतो, या प्रश्नाने मात्र त्यांचा आयुष्यभर पाठलाग केला. शेतीचा हिशेब हा उच्च शिक्षणाचा विषय होण्याच्या दिशेने त्यांच्या काळात जी पावले पडली, त्यांची कहाणी कारंजा-वाशीमच्या मातीपासून फार दूरची नाही.

कृषी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेचा धडा सुरू झाला, की आरंभीच एक गाव भेटते. भारतातील पहिला नियंत्रित बाजार कोठे आणि कधी सुरू झाला, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी पाठच करून ठेवतात : कारंजा, १८८६. आज वाशीम जिल्ह्यात असलेले हे कारंजा लाड एरवी नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून भाविकांना ठाऊक असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद कापसाच्या बाजारासाठी आहे.

हा बाजार शेतकऱ्याच्या कळवळ्यातून जन्मला असे नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत त्याचा कारभार चालू लागला. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. या गिरण्यांना स्वच्छ आणि वाजवी दराचा कापूस नियमित मिळावा, या हेतूने रेसिडेंटच्या आदेशान्वये कारंजाच्या बाजारावर नियंत्रण आले. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाही झाला. बाजाराला नियम मिळाले. पण ज्याच्या गाडीतून कापूस तेथे येत होता, त्याच्या घरच्या जमाखर्चाची विचारपूस करणारे कोणी नव्हते.

याच कारंजा गावी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एक शेतकऱ्याचा मुलगा शिकण्यासाठी येऊन राहिला. तोच पुढे देशाच्या शेती खात्याचा मंत्री झाला.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. वडील शामराव आणि आई राधाबाई यांचे घर शेतीवर चालणारे होते. पापळच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. म्हणून आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड आणि त्यानंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा शिक्षणाचा प्रवास झाला. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर घर सोडावे लागते आणि परक्या गावी राहण्या-जेवण्याची सोय शोधावी लागते, हा धडा त्यांना शाळेच्या वयातच मिळाला. पुढे त्यांनी शाळांच्या बरोबरीने वसतिगृहांचा ध्यास का घेतला, याचे उत्तर या प्रवासात आहे.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० मध्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाले. विलायतेचा खर्च शेतीच्या उत्पन्नातून भागणे शक्य नव्हते. शामरावांनी शेती गहाण ठेवून पैसा उभा केला. मुलगा बॅरिस्टर होऊन परत येईल तेव्हा येईल. तोवर गहाणखतावरचे व्याज चढत राहणार होते. कर्ज म्हणजे काय, ते घरात कसे शिरते आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर कसे बसते, हे पंजाबरावांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही. त्यांचे स्वतःचे शिक्षणच एका कर्जखतावर उभे होते.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, एडिंबरो विद्यापीठाची पदवी घेतली आणि संस्कृत संशोधनासाठीची व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली. ऑक्सफर्डला डॉक्टरेटसाठी त्यांनी निवडलेला विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. हा प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. म्हणजे पुढे ज्याच्या नावे कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्या माणसाने शेतीचे वा अर्थशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेलेच नव्हते. वेदाध्ययनाचा अधिकार जन्मावर ठरवणाऱ्या समाजात एका कुणबी-मराठा शेतकऱ्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, यालाही त्या काळी मोठा अर्थ होता. ज्ञानाचे कोणतेही दालन आपल्यासाठी बंद नाही, हे त्यांनी आधी स्वतःपुरते सिद्ध केले आणि मग ते इतरांसाठी उघडण्याच्या कामाला लागले.

अमरावतीतील पहिली वर्षे

१९२६ मध्ये ते परतले आणि अमरावतीला वकिली करू लागले. उच्चशिक्षित बॅरिस्टरला पैसा आणि प्रतिष्ठा यांची वाट मोकळी होती. भाऊसाहेबांनी, म्हणजे लोक त्यांना ज्या नावाने ओळखू लागले त्या पंजाबरावांनी, दुसरी वाट धरली. त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहण्याची व्यवस्था केली. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत ते अग्रभागी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. वऱ्हाडातील प्रतिष्ठित देशमुख घराण्यात त्या काळी हे पाऊल सोपे नव्हते.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय या काळात झाला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे तर पैसा लागणार, म्हणून त्यांनी करवाढीचा अप्रिय मार्गही पत्करला. शेतकऱ्यांचा कैवारी म्हणवणाऱ्या नेत्याने शेतकऱ्यांवर कर वाढवावा, यावर टीका झाली. शाळेवरचा खर्च टाळणाऱ्या शेतकऱ्याला पुढे तोच पैसा सावकार आणि कज्जे-खटले यांच्यापायी मोजावा लागतो, असा त्यांचा हिशेब होता.

कर्ज लवादाचा कायदा

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. काळ मोठा कठीण होता. १९२९ च्या जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. कर्ज काढताना शेतकऱ्याने जो भाव गृहीत धरला होता, तो उरला नव्हता. कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहिला होता. साहजिकच तेवढेच कर्ज फेडण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापूस विकणे भाग पडले. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती, जमीन गहाण टाकता आणि विकता येत होती. त्यामुळे थकलेले कर्ज थेट जमिनीवर येई आणि जमीन सावकाराच्या नावावर जाई.

या पार्श्वभूमीवर १९३३ चा मध्य प्रांत कर्ज तडजोड कायदा आकाराला आला. लोकांच्या तोंडी तो कर्ज लवाद कायदा म्हणून रुळला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. कर्जदार अथवा सावकार मंडळाकडे अर्ज करी. मंडळ सर्व सावकारांना बोलावून कर्जाची यादी करी, मूळ रक्कम किती आणि व्याजाने ती किती फुगली याची छाननी करी, आणि शेतकऱ्याची ऐपत पाहून तडजोडीची रक्कम व हप्ते सुचवी. दिवाणी न्यायालयात कर्जखत खरे की खोटे एवढेच पाहिले जाई. मंडळात मात्र हे कर्ज या शेतीतून फिटू शकते काय, हा प्रश्न प्रथमच विचारला जाऊ लागला. देशातील या प्रकारचा हा आरंभीचा कायदा. त्यानंतर पंजाब, बंगाल, आसाम, मद्रास या प्रांतांनीही त्याच वळणाचे कायदे केले.

या कायद्याची मर्यादाही लवकरच दिसून आली. जुने कर्ज कमी झाले तरी पुढच्या हंगामाच्या बी-बियाण्याला पैसा कोण देणार, याची सोय कायद्यात नव्हती. तडजोडीत पैसा बुडतो म्हटल्यावर सावकार हात आखडता घेऊ लागले आणि सहकारी पतपुरवठा त्यांची जागा घेण्याइतका सशक्त नव्हता. त्याहून खोल अडचण वेगळीच होती. या शेतीतून हे कर्ज फिटू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर द्यायला मंडळापाशी आकडेच नव्हते. एक एकर पऱ्हाटीला खर्च किती येतो, बैलजोडीचा वर्षाचा खर्च किती, घरच्या बायका-माणसांचे श्रम कोणत्या भावाने धरायचे, याची नोंद ना शेतकऱ्याकडे होती ना सरकारकडे. मंडळाला ऐपत अंदाजानेच ठरवावी लागत होती.

मंत्रिपद गेल्यावर पंजाबरावांनी आपले बळ शिक्षणाकडे वळवले. तिशीच्या दशकाच्या आरंभी अमरावतीत स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने पाहता पाहता वऱ्हाडातील तालुक्या-तालुक्यांत शाळा उघडल्या. पुढे तिची महाविद्यालये झाली आणि त्यांत शेतीचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनाही जागा मिळाली. खेड्यातील मुलाने शिकून केवळ कारकून व्हावे, हे त्यांना मान्य नव्हते.

दिल्लीतील दशक

स्वातंत्र्यानंतर ते संविधान सभेचे सदस्य होते. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेवर पाठवले. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात मंत्री होते. प्रथम शेती आणि पुढे सहकार हे त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. देशाचे पहिले कृषिमंत्री असा त्यांचा उल्लेख नेहमी होतो. वस्तुतः त्यांच्यापूर्वी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुनशी यांनी हे खाते सांभाळले होते. शिवाय पंजाबरावांच्या काळातही अन्न व शेती मंत्रालयाची मुख्य धुरा आधी रफी अहमद किडवाई, मग अजितप्रसाद जैन आणि नंतर स. का. पाटील यांच्याकडे होती. हे सांगितल्याने भाऊसाहेबांचे मोठेपण उणावत नाही. उलट मर्यादित अधिकारांत त्यांना काय करता आले, ते अधिक स्पष्ट दिसते.

भात लागवडीच्या जपानी पद्धतीचा देशभर झालेला प्रसार ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक खूण मानली जाते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्याच्या उद्घाटन समारंभास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. पण या गाजलेल्या घटनांच्या मागे, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर न येणारे एक काम याच दशकात सुरू झाले होते. ते होते शेतकऱ्याचा जमाखर्च मांडण्याचे.

या कामाची पूर्वतयारी महाराष्ट्रातच झाली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी करून तिचा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध केला होता. गाडगीळ ज्या मार्गदर्शक समितीचे सदस्य होते, त्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकरी जे कर्ज काढतो त्यात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के आहे, हे त्यातून उघड झाले. त्याच सुमारास अन्न व शेती मंत्रालयाने विद्यापीठे व संशोधन संस्थांमध्ये कृषी-आर्थिक संशोधन केंद्रे उघडली. पहिल्या केंद्रांत पुण्याच्या गोखले संस्थेचाही समावेश होता. नियोजन आयोगाची संशोधन समिती आणि हे मंत्रालय यांनी मिळून १९५४ पासून शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या हाती घेतल्या. हे श्रेय एकट्या पंजाबरावांचे नाही. अनेक अर्थतज्ज्ञ आणि अधिकारी त्यामागे होते. पण ज्या मंत्रालयात हे काम सुरू झाले, तेथे शेती खात्याचा मंत्री एक असा माणूस होता, की ज्याने वीस वर्षांपूर्वी याच आकड्यांच्या अभावी कर्ज लवादाचे काम अडताना पाहिले होते.

अकोला-अमरावतीची पाहणी

या पाहण्यांसाठी देशातील मोजके जिल्हे निवडले गेले. उत्तर प्रदेशात मीरत व मुझफ्फरनगर, पंजाबात अमृतसर व फिरोजपूर, मुंबई राज्यात अहमदनगर व नाशिक आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशात अकोला व अमरावती ही त्यांतील काही नावे. आजचा वाशीम जिल्हा त्या वेळी अकोला जिल्ह्यातच मोडत होता. म्हणजे पंजाबरावांचा जन्मजिल्हा आणि त्यांच्या शाळेचे कारंजा ज्यात होते तो जिल्हा, असे दोन्ही या पाहणीत आले.

कामाची पद्धत दोन प्रकारची होती. एका प्रकारात गावात मुक्कामाला राहणारा नोंदणी कर्मचारी निवडक शेतकऱ्यांचा वर्षभराचा व्यवहार वेळच्या वेळी लिहून घेई. वखरणीला किती दिवस गेले, डवरणीला बैल घरचे होते की भाड्याचे, निंदणाला बाया किती आल्या, कापूस वेचणीची मजुरी पैशात दिली की मालात, सालदाराला वर्षाकाठी काय ठरले, हे सारे नोंदवहीत येई. दुसऱ्या प्रकारात ठरावीक वेळी प्रश्नावली घेऊन माहिती विचारली जाई आणि दोन्हींचे निष्कर्ष ताडून पाहिले जात. शहरातल्या वाचकाला हे कंटाळवाणे वाटेल. परंतु दुकानदार, गिरणीमालक, रेल्वे कंपनी या सर्वांच्या जमाखर्चाच्या वह्या शतकभर तयार होत असताना, देशातील सर्वात मोठ्या व्यवसायाची वही इतक्या बारकाईने आणि इतक्या विस्तृत प्रदेशात प्रथमच लिहिली जात होती.

या नोंदींतून खर्च मोजण्याची एक परिभाषा घडली. शेतकऱ्याने रोखीने वा मालाने प्रत्यक्ष केलेला खर्च हा पहिला थर. खंडाने जमीन केली असल्यास तो खंड मिळवला की दुसरा. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज धरले की पुढचा. आणि शेवटी घरच्या माणसांच्या श्रमांची किंमत धरली, की शेतीचा पूर्ण खर्च हाती येतो. आज हमीभावाच्या वादात अमुक खर्चावर दीडपट की तमुक खर्चावर दीडपट, अशी जी चर्चा आपण वाचतो, तिचे मूळ या वर्गवारीत आहे. २००६ मध्ये डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के अधिक भाव सुचवला. शेतकरी संघटनांनी सर्व थर मिळून होणारा खर्च हाच पाया धरण्याचा आग्रह धरला. २०१८ मध्ये केंद्राने दीडपट भाव जाहीर केला, तेव्हा मात्र प्रत्यक्ष खर्च आणि घरचे श्रम एवढेच जमेस धरले. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज वगळले. दोन्हींमधले अंतर म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारी वा न पडणारी रक्कम होय.

या पाहण्यांनी आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली. घरच्या श्रमांना बाजारातील मजुरीचा दर लावला, तर भारतातील पुष्कळशी शेती तोट्यात जाते. डॉ. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये याच अहवालांच्या आधारे लिहिलेल्या निबंधाने या मुद्द्याकडे आणि छोट्या शेतांच्या एकरी उत्पादनाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्यावर पुढे अनेक वर्षे देशोदेशी वाद झाला. शेतकरी कुटुंब तोटा सोसून शेती का करते? कारण घरच्या श्रमांना दुसरीकडे गिऱ्हाईकच नसते. ज्या श्रमांची मजुरी कोणी देत नाही, त्यांवर त्याची शेती तग धरते आणि एखादे वर्ष पाऊस फिरला की ती कर्जात जाते.

देशी प्रश्नांसाठी देशी शिक्षण

अशा नोंदवह्या वाचता येणारी माणसे कोठून आणायची, हा त्यानंतरचा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतील सर्वच देशांपुढे तो उभा राहिला. कृषी अर्थशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास विकसित झाला होता तो प्रामुख्याने अमेरिका व युरोपात. तेथील पाठ्यपुस्तकांत शेतकरी म्हणजे यंत्रे वापरणारा, मजुरांना वेतन देणारा आणि बँकेत खाते असलेला व्यावसायिक. तेथून पदवी घेऊन आलेल्या तरुणाला घरच्या बैलजोडीचा आणि सावकाराच्या सवाई-दिढीचा हिशेब कोणी शिकवलेला नसे. त्यामुळे आपापल्या देशांतच पदव्युत्तर शिक्षण उभारावे आणि परदेशी शिष्यवृत्त्यांची जोड त्याला द्यावी, असा विचार बळावला.

भारतात या दिशेने १९५५ मध्ये भारत-अमेरिका संयुक्त समितीने शेती शिक्षणाची पाहणी केली. १९५८ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने, पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हे त्यामागचे सूत्र होते. बियाण्यांच्या आणि खतांच्या शास्त्राबरोबर कृषी अर्थशास्त्रालाही या नव्या संस्थांत स्वतंत्र विभागाचे स्थान मिळत गेले. हे सारे घडत असताना पंजाबराव केंद्रीय मंत्रिमंडळाच्या वर्तुळात होते. शिवाजी शिक्षण संस्था उभारताना त्यांनी जिल्ह्यापुरते जे पाहिले होते, त्याचे हे देशव्यापी रूप होते.

त्यांच्या दशकाचा हिशेब मांडताना नावेची बाजूही लिहिली पाहिजे. १९५६ पासून अमेरिकेतून सवलतीचा गहू येऊ लागला. शहरांतील रेशन स्वस्त राहिले आणि शेतमालाला रास्त भाव देण्याचा प्रश्न लांबणीवर पडला. खर्चाचे आकडे जमत होते, पण त्यांवरून भाव ठरवणारी यंत्रणा नव्हती. कृषी मूल्य आयोग स्थापन झाला तो जानेवारी १९६५ मध्ये. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १० एप्रिल १९६५ रोजी, पंजाबरावांचे दिल्लीत निधन झाले.

अकोल्याचे विद्यापीठ आणि वाशीमचे शेत

त्यांच्या मृत्यूनंतर विदर्भात कृषी विद्यापीठासाठी आंदोलन पेटले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. विदर्भातील शेती शिक्षणाचा वारसा त्यापूर्वीचा, १९०६ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयापासूनचा. आता या विद्यापीठात कृषी अर्थशास्त्राचे पदव्युत्तर आणि डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण मिळते. पापळच्या मुलाला ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला आणि बापाला शेत गहाण टाकावे लागले, त्या दर्जाची पदवी कारंजा वा रिसोडच्या मुलाला आज एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर मिळू शकते.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी अमदानीतही बासीम नावाने तो जिल्हा होता आणि १९०५ मध्ये मोडला गेला होता. म्हणून जुन्या लोकांना हे जिल्हेपण परत मिळाल्यासारखे वाटले. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. शेती बव्हंशी पावसावर अवलंबून. कापसाच्या मोठ्या भागावर आता सोयाबीन आले आहे, जोडीला तूर आहे. पीक बदलले, जुना प्रश्न बदलला नाही. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार नावांत पुन्हा वाशीम होता.

म्हणजे ज्या प्रदेशाने देशाला पहिला नियंत्रित बाजार दिला, ज्याच्या शेतांतून खर्च मोजण्याचे शास्त्र शिकले गेले, ज्याच्या शेजारी कृषी विद्यापीठ उभे आहे, तेथील शेतकऱ्याच्या घरात अजूनही त्या शास्त्राचा पुरेसा उजेड पडलेला नाही. विद्यापीठातील प्रबंधात सोयाबीनचा एकरी खर्च मांडलेला असतो. बँकेच्या कागदावर पीककर्जाचा दर छापलेला असतो. शेतकऱ्यापाशी मात्र या दोहोंची सांगड घालणारी वही बहुधा नसते. घरच्या बाईने निंदणात घातलेले दिवस कोणी लिहून ठेवत नाही. ते नफ्यातही दिसत नाहीत आणि तोट्यातही नाहीत.

पंजाबरावांनी कर्जमुक्तीचा कायदा केला, तेव्हा त्यांना आकडे हवे होते. आकडे जमू लागले, तेव्हा ते वाचणारी शिकलेली माणसे हवी होती. ती घडवणाऱ्या संस्थांची पायाभरणी होईपर्यंत त्यांचे आयुष्य सरले. उरलेले काम त्या संस्थांतून शिकून बाहेर पडणाऱ्यांचे आहे. दरवर्षी २७ डिसेंबरला विदर्भात भाऊसाहेबांची जयंती साजरी होते, पुतळ्याला हार पडतात, भाषणे होतात. त्या दिवशी कृषी अर्थशास्त्राचे चार विद्यार्थी नोंदवही घेऊन मानोरा वा मालेगाव तालुक्यातील एखाद्या गावी गेले, तेथल्या कुटुंबासमवेत बसून सरत्या खरिपाचा जमाखर्च त्यांनी मांडला आणि घरच्या बाईचे दिवसही त्यात धरले, तर १९५० च्या दशकात याच मातीत सुरू झालेले काम पुढे गेले असे म्हणता येईल. आणि पुढचे कर्ज काढण्यापूर्वी ते कुटुंब ती वही उघडून पाहू लागले, तर कारंजाच्या शाळेत शिकलेल्या त्या मुलाच्या आयुष्याचे चीज झाले, असेही.